बर्फावर गरी घालायला चाललात? मग गॅसच्या हीटरचं आधी ऐका

दिवाळीला गोव्यात, डिचोलीला घरी आलोय. काल रात्री भावंडांबरोबर मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, गरी घालून बसलो होतो, हाफ पँट, पायाखाली चिखल, कानाभोवती मच्छर, पाठ घामाने चिकट. तिथे धाकट्या चुलतभावाने विषय काढला. जानेवारीत तो, त्याची बायको आणि मेव्हणा असे तिघे माझ्याकडे कॅनडात, ओंटारियोला येतायत, आणि त्यांना लेक सिमकोवर बर्फाला भोक पाडून मासे धरायचेत, व्हिडिओ बघून बघून डोक्यात भरलंय. म्हणतो, "थंडीचं काय नाही रे दादा, तुझ्याकडे गॅसचा हीटर आहे ना, तंबू गच्च बंद करायचा, हीटर फुल्ल, आत गोवा!"

चार हिवाळ्यांपूर्वी मीसुद्धा नेमकं हेच केलं होतं, म्हणून हे लिहायला बसलो.

माझा पहिला हिवाळा. बाहेर उणे १५, वारा वेगळा. मी आणि कामावरचा एकजण, आम्ही तंबूच्या वरच्या खिडक्या लावल्या, खालून वारा येतो म्हणून चारी बाजूंनी फावड्याने बर्फ लोटून फट बुजवली आणि हीटर हायवर टाकला. अर्धा तास काय मजा, जॅकेट काढून बसलो. मग डोकं जड व्हायला लागलं, मला वाटलं पहाटे चारला उठलोय, पोटात काही नाही, त्याचं असणार. समोरचा एरवी बडबड्या माणूस, तो गप्प. तेवढ्यात हीटर आपोआप विझला. मी शिव्या घालत परत पेटवला. पाच मिनिटांत परत विझला. तिसऱ्यांदा पेटवायला वाकलो तर गरगरलं, चेन ओढून बाहेर आलो आणि बर्फावर ओकलो. बाहेरच्या हवेत दहा मिनिटं उभा राहिलो तेव्हा कळलं की हीटर बिघडलेला नव्हता, तो आम्हाला वाचवत होता.

तंबूत वापरायच्या चांगल्या हीटरला ऑक्सिजन सेन्सर असतो. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, तो १८ च्या आसपास उतरला की सेन्सर गॅस तोडतो. म्हणजे हीटर मधेच विझला तर पेटवत बसू नका, आधी सगळ्यांनी बाहेर या, तंबू उघडा, मग हीटरचं बघू. आणि हा सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही हे नीट लक्षात ठेवा, कारण गॅस अर्धवट जळला की निघणारा हा वायूच खरा घातकी. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, मग झोप. त्यासाठी बॅटरीवरचा वेगळा अलार्म घ्या आणि बसल्यावर आपलं नाक जिथे येतं तेवढ्या उंचीवर टांगा. घरातले अलार्म बहुतेक ४-५ अंशांच्या वर चालतील असे बनवलेले असतात आणि थंडीत बॅटरीही लवकर मरते, म्हणून घेताना पाठीमागे किमान तापमान किती लिहिलंय ते वाचा, आणि पेटवायच्या आधी टेस्टचं बटण दाबून बघा.

तर पहिला नियम, आत गोवा करायचा नाही. वरची एक खिडकी उघडी आणि खालून एका बाजूला फट, दोन्ही लागतात, एकाने भागत नाही, कारण गरम हवा वरून गेली तरच खालून ताजी आत येते. किती उघडं ठेवायचं ते हीटरच्या पुस्तकात त्याच्या ताकदीप्रमाणे दिलेलं असतं, त्यापेक्षा थोडं जास्तच ठेवा. हो, वारा पायाला लागतो, चरफडायला होतं. पण आत शून्याच्या वर पाच-सात अंश झाले ना, तरी बोटं वाकतात, गाठ मारता येते, दोरा गोठत नाही, भोकावर साय धरत नाही. तेवढंच काम त्या हीटरकडून घ्यायचं, बाकी ऊब अंगावरच्या कपड्यांची.

आता गॅस. भावाचा पुढचा प्रश्न, इथूनच छोटा सिलिंडर आणि शेगडी नेली तर? विमानात गॅसचा सिलिंडर कुठेच चालत नाही, ना हातात ना चेक-इनमध्ये, तो विषय मोपाच्या विमानतळावरच संपला. पण समजा पोचला, तरी तिथे तो रुसला असता. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात, त्यात ब्युटेनचा भाग मोठा, आणि ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की द्रवच राहतं, वाफ होऊन वर येत नाही. डिचोलीत त्याला काही त्रास नाही, इथे हिवाळ्यात पहाटेसुद्धा पंखा चालू असतो. प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत उकळत राहतं, म्हणून तिकडे सगळे प्रोपेनवर. हीटर आणि गॅस दोन्ही तिकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, इथून फक्त स्वतः या.

सिलिंडर दोन जातीचे. एक पौंडाचा हिरवा बाटला, साधारण ४५४ ग्रॅम गॅस, थेट हीटरच्या कुशीत फिरवून बसतो. आणि २० पौंडाचा, म्हणजे ९ किलोचा, आपल्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरचा धाकटा भाऊ, त्याला पाइप लागतो. दोन माणसांच्या तंबूला ४००० ते ९००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप, हीटरवरचा आकडा तासाचा) हीटर रग्गड होतो, मिस्टर हीटर कंपनीचा 'बडी' त्याच मापाचा, बर्फावर तो खूप दिसतो. एका पौंडात साधारण २१,६०० बीटीयू, म्हणजे लो वर पाच तासांच्या वर आणि हाय वर जेमतेम अडीच तास. हा कागदावरचा हिशेब. बर्फावर तेवढं मिळत नाही, कारण गॅसची वाफ होताना बाटला स्वतःच थंड पडत जातो, बाहेरून पांढरा दव धरतो, आत प्रेशर उतरतं आणि अजून पाव गॅस शिल्लक असतानाच जाळ मलूल होतो. अशा वेळी बाटला हीटरसमोर शेकायला ठेवणारे मी डोळ्यांनी बघितलेत. नको रे बाबा! दुसरा बाटला आधीपासून जॅकेटच्या आत किंवा सामानाच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा आणि आलटून पालटून लावा, एवढा साधा उपाय आहे.

मोठा सिलिंडर घेतलात तर तो तंबूच्या बाहेर, उभाच. आडवा पडला तर वाफेऐवजी द्रव गॅस पाइपात शिरतो आणि जाळ भडकतो. साध्या रबरी पाइपमधून तेलकट चिकटा सुटतो आणि हीटरच्या नळीत बसतो, म्हणून मधे फिल्टर लावा नाहीतर कंपनी त्यासाठीच विकते तो पाइप घ्या. माझा पहिला हीटर याच चिकट्याने गेला, दुकानदार म्हणाला दुरुस्त होईल, झाला नाही.

पेटवायची रीत घरीच एकदा करून बघा, अंगणात, हातमोजे घालून. बर्फावर हात बधिर झाल्यावर शिकायची ती गोष्ट नाही. बाटला बसवण्याआधी तोंडाशी रबरी चकती आहे ना, फाटली नाही ना ते बघायचं. मग हाताने फिरवून घट्ट, पान्हा नको, आटे जातात. सांध्यावर भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर गळतोय, काढून परत बसवायचा. नाकावर पूर्ण भरवसा नको, प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घातलेला असतो, आणि थंडीने सर्दी झालेली असली की काही कळत नाही. शिवाय हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, गळला की खाली बर्फालगत पसरतो, आपल्या घरात ओट्याखाली साचतो तसाच. मग नॉब पायलटवर, म्हणजे पेटवायच्या छोट्या ज्योतीच्या खुणेवर, आणून आत दाबायचा, ठिणगीचं बटण मारायचं आणि जाळ धरला तरी नॉब सोडायचा नाही, अर्धा मिनिट तसाच दाबून धरायचा. सगळे इथे चुकतात. आत एक छोटी दांडी असते, ती तापल्याशिवाय गॅसची झडप उघडी राहत नाही, त्याआधी बोट उचललं की विझलाच. नवीन बाटला किंवा लांब पाइप असेल तर आधी आतली हवा निघते, तीन-चारदा खटखट करावं लागतं. धरला की लो, आणि दहा मिनिटांनी वाटलं तर हाय.

ठेवायचा कुठे? थेट बर्फावर नाही, खालचा बर्फ वितळून हीटर तिरका होतो. पडला तर बंद होणारं स्विच असतं, ते आहे म्हणून हीटर पाडून बघायचा नाही. खाली लाकडी फळी. तोंड भिंतीकडे नाही, दारावाटेवर नाही, समोर तीन फूट मोकळं आणि डोक्यावर काही लटकलेलं नको. तंबू नायलॉनचा, जॅकेटची बाहेरची बाजू नायलॉनची, पँट नायलॉनची, यातलं काहीच जळताना ओरडत नाही, नुसतं गप्प वितळतं. मी ओला हातमोजा सुकवायला हीटरच्या जाळीवर ठेवला होता, माशाने ओढलं म्हणून तिकडे वळलो, परत बघतो तर मोज्याची तीन बोटं जाळीला चिकटलेली आणि करपलेल्या प्लास्टिकचा वास. तो वास पुढचे दोन हिवाळे हीटर पेटवला की यायचाच. मासाही सुटला, ते वेगळं.

आणखी एक गोष्ट, ही मला कोणी सांगितली नव्हती. प्रोपेन जळलं की पाणी तयार होतं. एक पौंडाचा बाटला संपेपर्यंत जवळजवळ पाऊण लिटर पाणी वाफ होऊन तंबूत फिरतं. ते वर थंड कापडाला लागून दव बनतं, मग ठिबकतं, मानेत, डोक्यावर, भाकरीवर. तुम्ही म्हणाल ओलं झालं तर काय, आम्ही मृगापासून नवरात्रापर्यंत ओलेच असतो. पण तिथे हीटर बंद करून बाहेर पडलं की ते ओलं दोन मिनिटांत कडक होतं, चेनसुद्धा गोठते. त्यासाठीही वरची खिडकी उघडीच हवी. आणि आतून कॉटन घालू नका, आपली बनियन आणि जीन्स घाम धरून ठेवतात. लोकरी किंवा सिंथेटिक थर अंगालगत, वर जाड, सगळ्यात वर वारा अडवणारं. मोज्यांचे तीन जोड कोंबून बूट घट्ट केलात तर रक्तच पोचत नाही, पाय जास्त गारठतात, एकच जाड लोकरी जोड आणि बूट सैल.

फेणीची बाटली आणतो म्हणाला मेव्हणा. घरी गेल्यावर काढू. बर्फावर प्यायलं की ऊब वाटते खरी, पण ती कातडीकडे आलेल्या रक्ताची, आतली उष्णता उलट बाहेर जाते, आणि वर कार्बन मोनॉक्साइडची गरगर आणि फेणीची गरगर यातला फरक कोण ओळखणार?

बर्फाचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची सरकारी सूचना चालत जायला स्वच्छ बर्फ किमान ४ इंच हवा अशी आहे, कॅनडाच्या रेड क्रॉसचं म्हणणं १५ सेंटीमीटर. मी १५ सेंटीमीटरच धरतो. काळसर, काचेसारखा तो पक्का, पांढरा भुसभुशीत असेल तर ताकद निम्मीच धरायची. हीटर लावला म्हणून पायाखालचा बर्फ वितळून आपण आत जाऊ ही भावजयीची भीती मात्र नको, फळी असेल आणि जाडी पुरेशी असेल तर तसं होत नाही. पाहुण्यांना नॉन-रेसिडेंट मासेमारीचं लायसन्स लागतं, ते आधी काढून ठेवा. माझ्यासारखा माणूस बरोबर नसेल तर सिमकोवर तापवलेली खोपटी भाड्याने मिळतात, पहिल्या वेळी तीच घ्या, पैसे गेले तरी चालतील.

रात्री तिथेच झोपायचा बेत असेल तर झोपताना हीटर बंद. लो वर ठेवूया, एकाने जागं राहूया, असलं काही नको, जागा राहणारा आधी झोपतो हे मानशीवर किती वेळा बघितलंय.

निघताना आधी हीटर बंद करा आणि मग बाकीचं आवरा, म्हणजे गरी गुंडाळून, मासे बादलीत भरून होईपर्यंत तो निवतो. बाटला काढताना फुस्स होतं, तेवढं चालतं, पण काढायचा तंबूच्या बाहेरच. लावलेला तसाच गाडीच्या डिकीत टाकायचा नाही. रिकामे हिरवे बाटले बर्फावर सोडायचे नाहीत आणि घरच्या कचऱ्यातही नाही, आत थोडा गॅस राहतोच, गावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्यायचे. मोठ्या सिलिंडरमधून ते परत भरून देणारा कोणी भेटला तर नमस्कार करून पुढे चला. घरी पोचल्यावर तंबू गॅरेजमध्ये पूर्ण उघडून वाळत घाला, नाहीतर पुढच्या शनिवारी त्याला आपल्या जुलैतल्या कपाटासारखी बुरशी आलेली असेल. पर्च नावाचे मासे मिळाले तर खवले काढायचा कंटाळा येतो, आम्ही कातडीच सोलतो, मग मीठ, हळद, तिखट आणि रवा. रवा तिकडे मिळतो, पण चांगली आमसुलं मिळत नाहीत, तेवढी बॅगेत घाला.