मंदी आलीय की नुसता श्रावण आहे, हे कसं ओळखायचं

आमच्याकडे चार दिवस गिऱ्हाईक फिरकलं नाही की "मंदी आली रे बाबा" सुरू. आधी एक काम करा, संध्याकाळी दापोलीजवळच्या हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाला जाऊन उभे राहा आणि दोनच गोष्टी वहीत लिहा, माल किती उठला (म्हणजे विकला गेला) आणि भाव काय फुटला.

बांगडा कमी आणि भाव चढलेला, तर झटका समुद्राच्या बाजूने आलाय, वादळ असेल, डिझेल महागलं असेल. मालही कमी उठतोय आणि भावही पडलाय, तर लोकांच्या खिशालाच बसलाय, नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत मासळी होती पण रोकड कुठे होती. आणि माल वाढला, भाव उतरला आणि तो तसाच राहिला तर बहुतेक तंत्रज्ञान, म्हणजे नवं इंजिन, मासे दाखवणारं मशीन वगैरे. ह्यात एक गंमत (खलाशाला विचाराल तर गंमत नाही), जाळं ओढायला विंच बसली की मासळी तेवढीच येते पण माणसं कमी लागतात, म्हणजे प्रगती होऊनसुद्धा काही घरात आधी मंदीच येते.

एका दिवसावर जाऊ नका, मासळी नाशिवंत, पंधरा दिवस तरी लिहा. आणि सीझन वजा करा! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग होड्या सुटतात तेव्हा बऱ्याचदा श्रावण चालू, माल भरपूर पण निम्मी घरं वरणभातावर. त्याला मंदी म्हणालात तर आजी हसेल.

आता खरं महत्त्वाचं, झटका किती टिकणार. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, पत्रे, कौलं त्याच वर्षी परत चढली, पण सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या त्यांचं काय? रोप लावून फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, तोवर वाडीवाला खर्च आवरतो, मग गडी, दुकानदार, रिक्षावाला, सगळ्यांपर्यंत ते झिरपतं. किडलंड आणि प्रेस्कॉट ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८२ मध्ये हेच गणितात मांडलं, की भांडवल उभं करायला वेळ लागतो म्हणून एकदाच बसलेला धक्का पुढे रेंगाळतो, २००४ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. त्यांचा भर तंत्रज्ञानाच्या झटक्यांवर होता, सगळ्या चढउतारांना तेच कारण हे मला काय पटत नाही, नोटबंदी त्यात बसवून दाखवा.

तर वहीत तिसरा रकाना आखा, परत उभं राहायला किती दिवस. फाटलेल्या जाळ्यापुढे आम्ही आठ दिवस लिहितो, वाडीपुढे दिवस लिहून जागाच पुरेना म्हणून सरळ वर्षं लिहिली.