सेवा हिरवी, फोल्डर रिकामं

सर्व्हर सांभाळायच्या कामाला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका मध्यरात्री डेटाबेसचा सर्व्हर आपोआप रीबूट झाला. सकाळी आमच्या वरिष्ठांनी विचारलं, "डंप कुठाय?" (डंप म्हणजे मशीन पडताना मेमरीत जे होतं त्याची फाइलीत उतरवलेली प्रत.) मी निर्धास्त होते. तो आपोआप घेणारं केडंप मीच लावलं होतं आणि सेवेची स्थिती हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' दिसत होती. डंप जिथे पडायला हवा ते फोल्डर उघडलं, तर रिकामं. पुढचा प्रश्न आला, "लावल्यावर मशीन एकदा मुद्दाम पाडून बघितलं होतंस?"

नव्हतं बघितलं.

लिनक्सवर केडंप पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी हे लिहितेय, म्हणून आधी ते चालतं कसं ते सांगते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पॅनिक झाला, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीने थांबला, की त्याच्यावर भरवसा उरत नाही. त्याचे ड्रायव्हर, त्याची लॉक, काहीही अर्धवट अडकलेलं असू शकतं. नेटडंप आणि डिस्कडंप ही जुनी साधनं याच मरत्या कर्नलकडून डंप लिहून घ्यायची. केडंपची युक्ती वेगळी. बूट होतानाच रॅमचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि त्यात दुसरा, छोटा कर्नल आधीच भरून ठेवायचा. पहिला पडला की केएक्सेक ही कर्नलचीच सोय थेट दुसऱ्यात उडी मारते. मध्ये मशीन नव्याने सुरू करणारं बायोस येत नाही, त्यामुळे जुनी मेमरी जशीच्या तशी राहते आणि नव्या कर्नलला ती व्हीएमकोअर नावाच्या फाइलसारखी दिसते. २००५ साली २.६.१३ या आवृत्तीत हे मुख्य कर्नलमध्ये आलं.

आता माझी चूक. 'ॲक्टिव्ह'चा अर्थ एवढाच, की दुसरा कर्नल राखीव जागेत भरला गेलाय. तो उठेल का, त्याला डिस्क सापडेल का, याची हमी त्यात नाही. मी ही राखीव जागा ठरवणाऱ्या क्रॅशकर्नल या बूट पॅरामीटरला १२८ एमबी दिले होते, कारण घेतलेल्या नमुन्यात तेवढेच होते. त्या मशीनला स्टोरेजची कार्डं बरीच. त्यांचे ड्रायव्हर चढता चढताच दुसऱ्या कर्नलची मेमरी संपली आणि डंप न लिहिताच तो रीबूट झाला. हे कळलं ते नंतर सिरियल कन्सोल (मशीनचे संदेश तारेवरून दुसरीकडे दाखवणारी जोडणी) लावून मुद्दाम पाडल्यावर. म्हणून पहिली चाचणी कन्सोल समोर ठेवूनच करा. त्याशिवाय काय बिघडलं याचा मागमूस लागत नाही.

किती मेमरी द्यायची? रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये क्रॅशकर्नलचा आकडा आपोआप ठरवणारा 'ऑटो' हा पर्याय काढून टाकलाय. तिथे नेहमीच्या ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनसाठी मूळ आकडे असे आहेत: १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६, त्यापुढे ५१२. सुरुवात यांच्यापासून करा. कार्डं जास्त असतील किंवा डंप नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवायचा असेल, तर वाढवा. आकडा बदलल्यावर रीबूट लागतंच. डेबियन-उबुंटूवर 'केडंप-कॉन्फिग शो' ही आज्ञा 'रेडी टू केडंप' म्हणते. तेही ॲक्टिव्हइतकंच खरं धरा, जास्त नाही.

डिस्कवरच्या जागेची फार धास्ती नको. डंप लहान करणाऱ्या मेकडंपफाइल या साधनाला डंप-पातळी ३१ दिली की शून्यांनी भरलेली, कॅशची, यूजर प्रोग्रॅमची आणि मोकळी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) गाळली जातात. गाळली नाहीत, तर २५६ जीबी रॅमचा डंप जवळजवळ तेवढाच होऊ शकतो.

मग मशीन पाडायचं. कामाची वेळ टाळा, संबंधितांना सांगा, सिंक ही आज्ञा चालवून राहिलेला डेटा डिस्कवर उतरवा आणि सिसआरक्यू-ट्रिगर या कर्नलच्या खास फाइलमध्ये 'सी' हे अक्षर लिहा. हात थरथरतो, माझाही थरथरला होता. मशीन क्लस्टरमधलं, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांपैकी असेल, तर आधी फेन्सिंगचं, म्हणजे बिघडलेलं मशीन बाजूला काढण्याचं बघा. शेजारच्या नोडला वाटतं हे मेलं, आणि डंप अर्धा लिहून झालेला असताना तो वीज तोडतो. ते टाळायला फेन्स-केडंप नावाचा एजंट आहे.

एक गोष्ट नवखे हमखास विसरतात: मशीन नुसतं गोठलं तर डंप पडत नाही. पॅनिक व्हायला हवा. सॉफ्टलॉकअप (प्रोसेसर एकाच कामात अडकून राहणं) किंवा अडकलेल्या टास्कवर पॅनिक करायच्या सेटिंग वेगळ्या आहेत. सरसकट चालू करू नका, नाहीतर संथ डिस्कपायी चांगला सर्व्हर पडेल.

डंप मिळाला, तरी तो उघडणाऱ्या 'क्रॅश' या साधनाला डीबग माहितीसह त्याच आवृत्तीचा कर्नल लागतो. अगदी त्याच, शेवटच्या आकड्यापर्यंत. ते पॅकेज आधीच उतरवून ठेवा. आणि ती फाइल कुणालाही पाठवू नका. यूजरची पानं गाळली, तरी कर्नलच्या मेमरीत एनक्रिप्शनच्या किल्ल्या राहू शकतात.

आमचा सर्व्हर काही आठवड्यांनी पुन्हा पडला. या वेळी फोल्डरमध्ये व्हीएमकोअर होती, आणि तिच्याशेजारी डीमेसेजची, म्हणजे कर्नलच्या संदेशांची, छोटी टेक्स्ट फाइल. ती उघडली, तर पॅनिकच्या कॉल ट्रेसमध्ये (पडताना चालू असलेल्या फंक्शनच्या यादीत) एका स्टोरेज ड्रायव्हरचं नाव स्पष्ट दिसत होतं. 'क्रॅश' हे साधन मी नंतर उघडलं, पण ते फक्त खात्री करायला.