रेडिएटरवरचं सायक्लॅमेन

म्युनिकला आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात गुलाबी सायक्लॅमेन, म्हणजे कंदातून येणारं कुंडीतलं फुलझाड, आणलं आणि कौतुकाने खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवरच्या खिडकीत ठेवलं. आठ दिवसांत पानं पिवळी पडली, देठ मऊ होऊन कुंडीच्या काठावर लोळायला लागले. वाटलं, पाणी कमी पडतंय. मग तुळशीला घालतो तसं रोज वरून तांब्याभर. तिथेच घोळ झाला. पानं बाजूला केली तर कंदाच्या मध्यावर, कोवळ्या कळ्यांवर करडी बुरशी.

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं. हिवाळ्यात फुलतं, उन्हाळ्यात झोपतं. १२ ते १५ अंश त्याला मानवतात. सडके देठ कापले नाहीत, पिळून बुडापासून उपटले, कारण कापलं की उरलेला खुंट सडतो. कुंडी जिन्यातल्या गार खिडकीत नेली. पाणी आता बशीत, वीस मिनिटं, उरलेलं ओतून टाकायचं. तीन आठवड्यांनी नवी कळी दिसली.

मे महिन्यात सगळी पानं गळाली तेव्हा बायको कुंडी फेकायलाच निघाली होती! कंद सावलीत कोरडा ठेवला, ऑगस्टअखेर माथा मातीबाहेर राहील असा नव्या मातीत लावला. कंदात सॅपोनिन नावाची विषारी द्रव्यं असतात, पोटात गेली तर त्रास होतो. शेजारणीचं मांजर येतं, म्हणून कुंडी उंच फळीवर.