आरव्हीने वॉशिंग्टन आणि विल्यम्सबर्ग: गाडी कुठे ठेवायची, तिकीट कुठलं काढायचं

न्यू जर्सीहून मुलं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा असा सगळा गोतावळा घेऊन निघायचं तर ही वाट सोयीची आहे. मात्र आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, हे आपलं बिऱ्हाड, ती म्युझियमच्या दारापर्यंत न्यायची नसते. अकरा-बारा फूट उंचीचं ते धूड शहरातल्या पार्किंग गॅरेजमध्ये शिरत नाही, आणि नॅशनल मॉल, म्हणजे वॉशिंग्टनमधलं म्युझियमांनी वेढलेलं लांबलचक मैदान, त्याभोवती रस्त्यावर जागा मिळेल ही आशा सोडलेली बरी.

पहिली अडचण बाल्टिमोरला येते. आरव्हीला असते तेवढी प्रोपेनची टाकी तिथल्या आय-95 आणि आय-895 या महामार्गांवरच्या दोन्ही बोगद्यांत चालत नाही, व्हॉल्व्ह बंद केला तरीही. आय-695 धरून शहराला पश्चिमेकडून वळसा घाला. जुन्या माहितीत पूर्वेकडचा फ्रान्सिस स्कॉट की पूल सुचवलेला असतो, पण तो 26 मार्च 2024 रोजी जहाज धडकून कोसळला. फोनवरचा नकाशा हमखास बोगद्यातून नेतो, म्हणून पश्चिमेच्या बाजूचा एक थांबा आधीच टाकून ठेवा.

मुक्कामाला मेरीलँडमधलं कॉलेज पार्क बरं. तिथल्या चेरी हिल पार्कमध्ये वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. गाडी 30 अँपची असेल तर एकूण 3600 वॉट हातात असतात. छतावरचा एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले की ब्रेकर पडलाच! वरण-भात शिजेपर्यंत मायक्रोवेव्हला हात लावू नका.

सांडपाण्याची जोडणी आहे म्हणून संडासाच्या टाकीचा, म्हणजे ब्लॅक टँकचा, व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, मैला तळाशी साचून घट्ट होतो आणि मग काही केल्या हलत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, आधी ती सोडा आणि मागून आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची ग्रे टँक, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइपही धुतला जातो.

शहरात मेट्रोने जा. कॉलेज पार्कहून ग्रीन लाइन पकडली की नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी आर्काइव्हज आणि एअर अँड स्पेस म्युझियमसाठी लांफांत प्लाझा स्टेशन जवळ पडतं. स्मिथसोनियनची म्युझियम फुकट आहेत, पण एअर अँड स्पेस आणि आफ्रिकन अमेरिकन म्युझियमचे वेळेचे पास ऑनलाइन आधी घ्या. दारात बॅग तपासतात, तेव्हा काकडी चिरायची सुरी गाडीतच राहू द्या. आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर फुकट मिळते, मात्र जो आधी येईल त्याला या हिशोबाने, म्हणून दहाला दार उघडतानाच पोहोचा.

विल्यम्सबर्ग तिथून साधारण दीडशे मैल. खरा घोळ तिथल्या तिकिटांचा. कलोनियल विल्यम्सबर्ग खासगी संस्थेचं, जेम्सटाउन सेटलमेंट व्हर्जिनिया राज्याचं. नॅशनल पार्कचा वार्षिक पास दोन्हीकडे चालत नाही. तो चालतो यॉर्कटाउनच्या रणभूमीवर आणि हिस्टॉरिक जेम्सटाउनला, तिथेही उत्खनन करणाऱ्या संस्थेचे वेगळे पैसे पडतात. नावं इतकी सारखी की लोक हमखास चुकीच्या दारात उभे राहतात. 1607 ची वसाहत जिथे खरोखर होती आणि 1994 पासून जिथे खोदकाम चालू आहे, ते हिस्टॉरिक. सेटलमेंटमध्ये पुन्हा उभारलेला किल्ला आणि तीन जहाजांच्या प्रतिकृती आहेत; लहान मुलं तिथे जास्त रमतात. विल्यम्सबर्गचे रस्ते तिकिटाविना पायी हिंडता येतात, तिकीट लागतं ते इमारतींच्या आत जायला. गाडी व्हिजिटर सेंटरला ठेवा.

वेळ कमी असेल तर कात्री सेटलमेंटला लावा, यॉर्कटाउनला नको. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात 19 ऑक्टोबर 1781 रोजी जिथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रं ठेवली, ते मैदान मुलांना दाखवा आणि पुढचंही सांगा: हाच कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि 1792 मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणला वेढा पडला तेव्हा हरिपंत फडक्यांची मराठी फौज कॉर्नवॉलिसच्या बाजूने होती. ज्युनियर रेंजरची, म्हणजे नॅशनल पार्कच्या मुलांसाठीच्या उपक्रमाची, पुस्तिका पोहोचल्याबरोबर मागून घ्या. ती भरून दाखवायला वेळ लागतो, आणि केंद्र बंद झालं की त्या दिवशीचा बिल्ला हुकतो.