पडझडीत मोबाइल कंपन्यांचे शेअर: या चुका टाळा

सगळा बाजार लालेलाल झाला की मोबाइल कंपन्यांचे शेअरही आपटतात. त्या गोंधळात कुठला शेअर भीतीने पडलाय आणि कुठला स्वतःच्या दुखण्याने, हे न पाहता ‘स्वस्त झालाय’ म्हणून घेणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

2008 घ्या. ॲपल, नोकिया आणि ब्लॅकबेरी बनवणारी रिसर्च इन मोशन, तिघांचेही भाव उच्चांकापासून निम्म्याच्या खाली आले. पुढे ॲपलने 2009 संपायच्या आत जुना उच्चांक ओलांडला. नोकिया त्या वेळी जगात सर्वाधिक फोन विकत होती, तरी 2012 मध्ये तिचा शेअर दोन युरोच्याही खाली गेला आणि 2014 मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. ब्लॅकबेरीने 2016 मध्ये स्वतः फोन बनवणं थांबवलं. मंदीने तिघांना एका रांगेत उभं केलं, एवढंच. टचस्क्रीन आणि ॲपच्या शर्यतीत कोण मागे पडतंय, ते भाव सांगत नव्हता. म्हणून ‘उच्चांकापासून इतके टक्के खाली’ या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. पडझडीच्या आधीच्या चार-सहा तिमाहींत विक्री आणि नफा कुठे चालला होता, ते आधी बघा.

एका दिवसाची घसरण निर्देशांकाशेजारी (म्हणजे सगळ्या बाजाराची चाल दाखवणाऱ्या आकड्याशेजारी) ठेवून पाहिली तरी बरंच कळतं. 3 जानेवारी 2019 ला ॲपल सुमारे 10 टक्के पडला, अमेरिकी बाजार मात्र अडीच टक्क्यांच्या आसपास. आदल्या दिवशी कंपनीनेच विक्रीचा अंदाज घटवला होता, तेव्हा दोष जगाच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता.

उलटी चूक घाबरून विकण्याची. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने आयातशुल्क जाहीर केलं. आयफोनची जुळणी बहुतांशी चीनमध्ये होत असल्याने ॲपल एका दिवसात 9 टक्क्यांहून जास्त पडला. 9 तारखेला बऱ्याच देशांवरचं वाढीव शुल्क तात्पुरतं थांबलं (चीनला सूट नव्हती, तरीही) आणि शेअर त्याच दिवशी सुमारे 15 टक्के उसळला. आदल्या संध्याकाळी विकून मोकळे झालेले हात चोळत बसले.

सॅमसंगला निव्वळ फोन कंपनी समजू नका. ती मेमरी चिपही (माहिती साठवणारी चिप) बनवते आणि तिच्या नफ्याची चढउतार त्या चिपच्या भावावर फार अवलंबून असते. आणि ओप्पो, विवो, हुआवेचे शेअर शोधत बसू नका. ते बाजारात नोंदलेलेच नाहीत.