अनुदान नेमकं अडकतं कुठे? या चुका टाळा

हप्ता पडल्याचा मेसेज गावात फिरला की संध्याकाळी चार-पाच जण पासबुक घेऊन माझ्या ओट्यावर येतात. "शेजाऱ्याचे आले, माझे का नाही?" बहुतेकांची चूक तीच असते.

आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे काम झालं, असं समजू नका. अनुदानासाठी खात्याला आधार सीडिंग लागतं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार त्याला जोडलेलं लागतं. केंद्राच्या पीएम किसान योजनेच्या हप्त्याचे २,००० रुपये आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं गेलं तिथे जातात, तुमच्या हातातलं पासबुक कुठलंही असो. आमच्या आप्पांचे दोन हप्ते असेच गेले. स्टेटसला पैसे जमा, पासबुक कोरं. ऐन सोयाबीन काढणीत तलाठी, कृषी कार्यालय, बँक अशा चकरा झाल्या. शेवटी आधारच्या 'माय आधार' वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं, तर भलत्याच बँकेचं नाव! वर्षापूर्वी सिमकार्ड घेताना अंगठा दिला, त्यातच खातं उघडलं गेलं होतं. पैसे तिथे सुखरूप होते, पण तोवर आप्पांनी खत उधारीवर उचललं होतं, त्याचं व्याज अंगावर पडलं. तेव्हापासून कुणीही आलं तरी मी आधी सीडिंग बघतो, मग बाकीचं. आणि ज्याला काय वाचतोय ते कळत नाही, त्याने अंगठा देऊ नये.

दुसरी चूक ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाईल ॲपवरून फोटोसह आपल्या पिकाची सरकारी नोंद करण्याची. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू आहे, तरी निम्मे लोक शेवटच्या दोन दिवसांत जागे होतात आणि सर्व्हरला शिव्या घालतात. काही जण पोराच्या मित्राला पन्नास रुपये देतात. तो बांधावरून फोटो मारतो, सोयाबीनमधली तूर सोडून देतो. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला राज्याने हेक्टरी ५,००० दिले, दोन हेक्टरपर्यंत. त्याच्या सुरुवातीच्या याद्या या नोंदींवरूनच लागल्या, आणि पीक उभं असलेली माणसं यादीबाहेर राहिली. मी पेरणी उगवून वर आली की सकाळी पिकात उभा राहून फोटो काढतो, गट नंबर दोनदा वाचतो. चूक दिसली तर ४८ तासांत दुरुस्ती करता येते, म्हणून त्याच रात्री परत उघडून बघतो.

बाकीच्या चुका लहान, पण पैसे थांबतात. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढताना एकच गट जोडतात, दुसऱ्या गावातली जमीन राहून जाते. प्रत्येक गावचा आठ-अ, म्हणजे तिथल्या तुमच्या सगळ्या जमिनीचा उतारा, समोर ठेवूनच बसा. नवरा-बायको दोघांनी पीएम किसानचा अर्ज करू नका, वसुली निघते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केलेल्या जमिनीवर नवा अर्ज बसत नाही. वारसाची गोष्ट वेगळी. खातेदार वारला असेल तर वारस नोंद आधी, अर्ज नंतर. अतिवृष्टीच्या यादीत नाव आलं की यादीतला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) घ्या, आणि ई-केवायसी म्हणजे आधारने ओळख पटवणं मागितलं असेल तर ते लगेच करा.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल) आली तर उघडूच नका. उघडली गेलीच तर मोबाईलचं नेट बंद करून दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा आणि त्याच दिवशी बँकेत जाऊन खातं थांबवा.