बचत गटात जेंडरचे व्हिडिओ दाखवताय? सलग लावू नका
आमच्या कोरेगावकडच्या गटात मी जेंडरवरचे (म्हणजे बाई-पुरुष भेदभावावरचे) ते स्लाइडवाले, मागनं आवाज दिलेले ट्युटोरियल दाखवते, तर एक सांगते, सलग वीस मिनिटं लावून ठेवलं की बायका पदराआड जांभया देतात. आदल्या रात्रीच डाउनलोड करा, छोटा ब्लूटूथ स्पीकर न्या (पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मोबाईलचा आवाज कुणाला ऐकू येतोय!) आणि दर तीन-चार मिनिटांनी थांबवून आपल्या बोलीत सांगा. निवेदिका 'सहदायिक मालमत्ता' (म्हणजे एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मालमत्ता) म्हणाली की तिथंच पॉज, आणि सरळ सांगायचं की हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाएवढाच हक्क जन्मापासनं आहे. मी हे बोलले तर मागनं एक काकी म्हणाल्या, "मग माझी हक्कसोडवर सही कशाला घेतली गं?" पाऊण तास त्यावरच गेला, व्हिडिओ राहिला अर्धा, राहू दे की.

आणि हो, व्हिडिओ कधीचा आहे ते बघा, १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता लागू झालीय, सासरच्या छळाचं जुन्या दंड संहितेतलं ४९८-अ आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे, जुन्या व्हिडिओत अजून ४९८-अच सांगतात.